दुमडीतले कापड

एक वृद्ध शल्यवैद्य आपल्या शिष्यासह एका रुग्णालयात गुडघ्यांवर उपचार करीत असत. शिष्य बुद्धिमान होता, आणि बुद्धीला जी घाई असते तीही त्याच्यापाशी भरपूर होती.

त्यांच्याकडे तेरा वर्षांची प्रणिता आली. खो-खो खेळताना, खांबाला वळसा घालता घालता, तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. दोन हाडांना धरून ठेवणारा दोरच म्हणा ना! राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली. खेळाखेरीज त्या पोरीला दुसरे काही सुचत नसे.

नवा दोर बसवण्याच्या दोन रीती होत्या. पहिलीत हाडातून सरळ बोगदा पाडून दोर ओवायचा. तो मूळच्या जागी घट्ट बसतो. परंतु वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कोवळी पट्टी असते, आणि बोगदा नेमका तिच्यातून जातो. दुसरीत पट्टीला वळसा घालून दोर न्यायचा. पट्टी वाचते, पण दोर जरा आडजागी बसतो आणि, शिष्याच्या मते, लवकर दगा देतो. शिष्याने दोन्ही रीतींचे निकाल चिकाटीने ताडून पाहिले होते.

"सर, पहिलीच रीत सरस आहे," तो म्हणाला. "दोन वर्षांनीसुद्धा दोर शाबूत राहतो. पोरगी मैदानावर परतेल."

वृद्ध उठून प्रणिताच्या खाटेपाशी गेले. उशाशी तिच्या शाळेचा निळा स्कर्ट घडी करून ठेवला होता. त्यांनी कात्री घेतली आणि स्कर्टच्या खालच्या दुमडीचे टाके उसवू लागले. सरांना म्हातारचळ लागला की काय, असे शिष्याला वाटले.

"अहो डॉक्टर, हे काय करताय?" प्रणिताची आई धावली. "तेवढी दुमड राहू द्या. पोर अजून वाढायचीय, त्यातच पुढचं वर्ष काढायचंय मला!"

"चुकलो, बाई," वृद्ध म्हणाले. "पण याला हे ऐकवायचं होतं."

शिष्याला बाहेर नेऊन ते म्हणाले, "तू दोर ताडून पाहिलास, पण दोन वर्षांच्या पुढे पाहिलं नाहीस. तिला त्या पायावर जन्म काढायचाय. दोर तुटला तर पुन्हा बसवता येतो. पट्टी दुखावली, पाय वाकडा वाढला, तर तो सरळ करायला हाडच तोडावं लागतं. आजच्या मापाला तिला शिवून टाकू नकोस."

"आणि दुसऱ्या रीतीनं खेळ गेला तर?"

"जाऊ शकतो. वाढ पुरी होईपर्यंत नुसतं थांबावं, तर गुडघ्यातली गादी झिजते. काहीच न गमावण्याची रीत असती, तर पहिल्याच दिवशी तुला शिकवली असती. जा, तिला खरं सांग."

शिष्य आत गेला.

"मी निवडीला जाईन ना?" प्रणिताने विचारले.

"यंदा नाही."

"मग पुढच्या वर्षी?"

होकार त्याच्या जिभेवर आला होता. तो त्याने गिळला. "सांगता येत नाही, बाळा. पाय सरळ राहावा म्हणून जिवापाड जपेन. खेळाचा शब्द देता येत नाही."

प्रणिताने भिंतीकडे तोंड फिरवले. ती आवाज न करता रडत होती, आणि शिष्याला तिथे उभे राहवेना. आई उसवलेली दुमड पुन्हा घालत बसली होती. काहीतरी करावे म्हणून त्याने हात पुढे केला. "द्या, मी घालतो टाके."

"नको," आई डोळे पुसत म्हणाली. "तुमचा टाका घट्ट बसायचा. हा सैलच घालावा लागतो, पुढे उसवायचा असतो ना."

शिष्याने हात मागे घेतला. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याने पट्टीला वळसा घातला. दोर तुटण्याची भीती होती तशीच राहिली. ती घेऊनच त्याने शेवटचा टाका घातला.