खसखसचा पिंजरा

"रोज धुतो, भन्ते. तरी रोज वास येतो. असं का?"

विचारणारा सुगत मेश्राम. भंडाऱ्यात त्याची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, आणि तिथली लख्ख फरशी लोक चप्पल काढून ओलांडायचे. रविवारी तो टेकडीवरच्या विहारात यायचा. भन्ते उपसेन तिथे एकटेच राहत. वय झालेलं, बोलणं थोडं.

वास यायचा तो हॅमस्टरच्या पिंजऱ्याला. हॅमस्टर सुगतच्या मुलीची, संबोधीची. मुठीत मावेल एवढी, उंदरासारखी, पण गोल आणि जवळजवळ बिनशेपटीची. रंगावरून तिचं नाव पडलं होतं खसखस.

सुगतनं आपली पद्धत सांगितली. सकाळी सगळा भुसा काढून टाकायचा. पिंजरा साबणानं घासायचा, वर फिनेल फिरवायचं, उन्हात वाळवायचा. मग सुगंधी भुसा, नवाकोरा. हे सांगताना त्याचा आवाज जरा वर गेला. एवढं कोण करतं?

पण वास जात नव्हता. उलट वाढत होता. आणि खसखस खाईनाशी झाली होती. गज चावून चावून तिच्या नाकावरचे केस गेले होते. परवा ती संबोधीच्या बोटाला कडकडून चावली. जनावरांच्या डॉक्टरांना आजार काही सापडला नाही. संबोधी तर पिंजऱ्याकडे बघेनाशीच झाली होती.

"पिंजरा घेऊन ये," भन्ते म्हणाले.

सुगत त्याच दिवशी घेऊन आला. आत्ताच धुतलाय, असं त्यानं मुद्दाम सांगितलं.

भन्तेंनी पिंजरा सावलीत ठेवला आणि समोर बसले. खसखस एका कोपऱ्यात धावली, तिथे ओलं केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग तिसऱ्या. जणू काही शोधत होती आणि ते सापडत नव्हतं.

...

"इथे ठेव. पुढच्या रविवारी ये."

सुगतचा पाय निघेना. त्यानं फिनेलची बाटली दिली, भुशाची पिशवी दिली, कसं करायचं ते दोनदा समजावलं. भन्तेंनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर बाटली दाराबाहेर ठेवली.

पुढच्या रविवारी सुगत नाकाला रुमाल लावूनच चढ चढला. विहारात शिरल्यावर त्यानं रुमाल काढला. पुन्हा हुंगलं. अगदी गजांना नाक लावलं. वाळल्या गवतासारखा काहीतरी वास होता, पण तो वास म्हणण्याजोगा नव्हता.

खसखस मात्र दिसत नव्हती. तो पिंजऱ्याभोवती फिरून बघू लागला.

भन्तेंनी कोपऱ्याकडे बोट केलं. भुसा आणि कागदाच्या चिंध्यांचा एक ढीग होता. तो हळूहळू वर-खाली होत होता. आत कोणीतरी गाढ झोपलं होतं.

सुगत वाकला. बघतो तर भुसा तोच, मागच्या रविवारचा. पिवळट पडलेला. बाजूला शेंगदाणे साठवलेले. त्याला राहवेना. दार उघडून तो ओंजळीनं भुसा बाहेर काढू लागला.

भन्तेंनी त्याचं मनगट धरलं. मग बाहेर काढलेल्या भुशातली एक मूठ उचलली आणि परत आत ठेवली.

"ही घाण आहे, भन्ते."

"तिची आहे."

...

सुगतनं हात मागे घेतला. त्यानं विचारलं, मग स्वच्छ ठेवायचं तरी कसं? आमटीत मीठ किती ते सांगावं तशा सुरात भन्तेंनी सांगितलं. ओला कोपरा रोज काढायचा, साध्या पाण्यानं पुसायचा. भुसा बदलायचा, पण जुन्यातला कोरडा थोडा परत ठेवायचा. सुगंधी नको, फिनेल नको.

"तू तिचा वास पुसतोस. मग ती तो परत करत बसते. तू जेवढं धुशील, तेवढी ती मुतेल."

हे तुम्हाला कसं कळलं, असं सुगतनं विचारलं. आठवडाभर तिच्यासमोर बसलो होतो, एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, हिला घरात आणलं कोणी?

ज्योत्स्नानं, सुगत म्हणाला. त्याच्या बायकोनं. शेवटच्या आजारपणात, पोरीला सोबत म्हणून. पुढचं कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलत गेला. ती गेल्यावर आठवड्याच्या आत त्यानं कपाट रिकामं केलं होतं. साड्या धुऊन, इस्त्री करून देऊन टाकल्या. उशी, शाल, कंगवा, सगळं. खोलीला रंग दिला. नातेवाईक म्हणाले होते, सुगत फार लवकर सावरला.

भन्तेंनी पिंजरा उचलून त्याच्या हातात दिला.

महिन्याभरात खसखसच्या नाकावर नवे केस आले. ती संबोधीच्या तळहातावर बसून दाणे खाऊ लागली. घरात वास नव्हता. सुगतनं हे सगळं सांगायला रविवारी यायचं, तर तो मधल्याच एका दिवशी, लॅब बंद ठेवून आला. वंदन करून बसला.

भन्तेंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

मग त्यानं सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो पिंजरा साफ करत होता. जुना भुसा थोडा बाजूला काढून ठेवला, नवा घातला, जुना वर पसरला. संबोधी शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, असं थोडं ठेवायचं असतं, तर आईचं का नाही ठेवलं?"

रागानं नाही विचारलं, सुगत म्हणाला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सकाळी ती शाळेत गेल्यावर त्यानं घर उपसलं. कपाटं, माळा, पलंगाखालच्या पेट्या. सगळीकडे डांबरगोळ्यांचा नाहीतर रंगाचा वास. एक रुमालसुद्धा निघाला नाही. इतकं स्वच्छ घर त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे काहीच उरलं नाही, भन्ते."

...

"संबोधीकडे असेल."

सुगतनं मान वर केली. तिची खोली तेवढी त्यानं बघितली नव्हती. तो उठलाच. ती यायच्या आत बघतो, असं काहीसं पुटपुटत चपला शोधू लागला.

"शोधू नकोस," भन्ते म्हणाले. "आणि तिनं दाखवलं, तर धुऊ नकोस."