दगडी मल्लांचा फड

एका राज्यात कुस्तीचा भारी नाद होता, आणि त्याच राज्यात जिंकणारा दगड होत असे. फडात जो मल्ल जिंकून बक्षिसाची सोन्याची गदा उचली, त्याची बोटे आधी गार पडत, मग दंड, मग छाती. पाहता पाहता त्याचा काळा पाषाण होई. तरी कुस्त्या थांबल्या नाहीत, कारण राजाज्ञा होती. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेने असे मल्ल रांगेने उभे होते. शेवटचा भैरव, वस्ताद रायाजीचा मुलगा.

भैरवाची बहीण कमळजा. घरामागच्या परसात ती त्याच्याशी झुंजत वाढली होती. फडात मात्र बाईने पाऊल टाकायचे नाही, असा तिथला कायदा. भाऊ दगड झाला तेव्हाही तिने त्याला कुंपणाबाहेरूनच पाहिले.

ती शापाचे मूळ शोधत निघाली. रानात शेवरीवरचा नीलकंठ पक्षी म्हणाला, "शाप जळंबेचा. ती डोंगरापलीकडे राहते."

जळंबा जादूगारीण म्हातारी होती, पण तिचे कान पैलवानासारखे मोडलेले होते.

"माझा भाऊ सोडवा," कमळजा म्हणाली.

"तरुणपणी मी पुरुषवेषात त्या फडात उतरले. राजमल्लाला चीतपट केले. फेटा सुटला, केस दिसले. तेव्हाच्या राजाने गदा हरलेल्याच्या हाती दिली. मी ती गदाच शापली. सोडवायचा असेल तर तीन कामे कर. पुरात धारेच्या उलट पोह. पळत्या हरणाला गाठ. तिसरे मग सांगेन."

कमळजा पोहली, नदीने तिला दोनदा परत फेकले, तिसऱ्यांदा वाट दिली. हरणाला तिने डोंगरमाथ्यावर गाठले, आणि हरणाने मान तुकवली.

"तिसरे?"

"तुझा विजय राजाने सगळ्यांदेखत बोलून दाखवावा."

"हे तर सोपे."

"हेच अवघड," जळंबा म्हणाली.

जत्रेच्या दिवशी कमळजा कुंपण ओलांडून हौद्यात उतरली आणि तिने शड्डू ठोकला. लोक ओरडू लागले. वस्ताद रायाजी पुढे धावला. "पोरी, मागे फिर!"

"आबा, माझ्या कपाळाला माती लावा."

म्हाताऱ्याने वाकून माती उचलली. मग तिच्या कपाळाला लावली.

राजा हसला. "होऊ द्या. करमणूक होईल."

राजमल्ल मेघराज उतरला. तिच्या दुप्पट वजनाचा. त्याने तिला दोनदा खाली दाबले. दोनदा ती निसटली. तिसऱ्यांदा तो झेपावताच तिने त्याचाच जोर खांद्यावर घेतला. मेघराजाची पाठ मातीला लागली.

लोक उठून उभे राहिले.

"त्याचा पाय घसरला," राजा म्हणाला.

मेघराज उठून बसला. "नाही, महाराज. तिने मला पाडले."

"सगळ्यांदेखत आपण हे बोललात, तर हे सारे दगड सुटतील," कमळजा म्हणाली.

राजाने एकेका दगडी मल्लाकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मग पुटपुटला, "कमळजा जिंकली."

"मोठ्याने, महाराज," ती म्हणाली.

"कमळजा जिंकली!"

तिने गदा उचलली. बोटे उबदारच राहिली. कडेला पाषाण तडकले; भैरव खोकला आणि त्याने पाणी मागितले.

पुढल्या जत्रेला कुंभारांची जानकू नावाची पोर फडात उतरली आणि तिने कमळजेला अस्मान दाखवले. राजाने आपणहून तिचे नाव पुकारले. कमळजा माती झटकत उठली आणि सगळ्यांआधी टाळ्या वाजवू लागली.