खुर्ची कुठंय?

फार जुनी नाही, विमानं आपापसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. लढाऊ विमानांच्या हँगरच्या दारात एक नवी विमानबाई आली. तिच्यात वैमानिकाला बसायला जागाच नव्हती; तिला जमिनीवरूनच उडवायचे. हँगरमध्ये एकीपुरतीच जागा उरली होती आणि तिथं जेटबाई पंख पसरून बसल्या होत्या.

"खुर्ची माहेरी विसरलीस वाटतं," जेटबाई म्हणाल्या. नवी दारातच उन्हात उभी राहिली.

कोपऱ्यातल्या दुमजली पंखांच्या थोरल्या बाई खाकरल्या. "जेटबाई, तुम्ही आलात तेव्हा 'नाकावरचा पंखा कुठंय' म्हणून आम्ही तुम्हाला आठवडाभर बाहेर ठेवलं होतं. सरका."

जेटबाई सरकल्या. नवी आत येऊन स्थिरावली आणि हळूच म्हणाली, "इथून दार नीट दिसतं. पुढची आली की काय विचारायचं, ते आत्ताच ठरवून ठेवते."