पिल्लाला ऊब मिळेना

खुडूक कोंबडीने पिल्लं काढली. पिवळी पिवळी, मऊ मऊ. त्यांना घेऊन ती अंगणात गेली.
टोपलीत एकच अंडं उरलं.

टक टक टक... फट्!
शेवटचं पिल्लू बाहेर आलं. ओलं ओलं. इवलं इवलं.
"आई?"
टोपलीत आई नाही. कुणीच नाही.

पिल्लू निघालं, लुटुलुटु लुटुलुटु.
अंगणात बांबूचं डालगं उपडं घातलेलं. वर दगड. आत आई. आत सगळी भावंडं.
पिल्लाने फटीत चोच घातली. डोकं जाईना.
"आई गं आई, पंखाखाली घे ना!"
कोंबडी म्हणाली, "कशी घेऊ रे सोन्या? डालगं उठलं, तर येईन."

पिल्लू गेलं धुरपदामावशीकडे, लुटुलुटु लुटुलुटु.
"मावशी गं मावशी, डालगं उचल ना!
डालगं उठेना,
आई येईना,
मला ऊब मिळेना!"
मावशी म्हणाली, "कडेवर ठकू रडतेय. ठकू झोपली, तर उचलीन."

पिल्लू म्हणालं, "ठकू गं ठकू, झोप ना!
ठकू झोपेना,
डालगं उठेना,
आई येईना,
मला ऊब मिळेना!"
"ट्यँ ट्यँ ट्यँ! दूदू मिळालं, तर झोपीन."

पिल्लू गेलं शेळीकडे, लुटुलुटु लुटुलुटु. अंग गार. पाय गार.
"शेळी गं शेळी, दूध दे ना!
दूध मिळेना,
ठकू झोपेना,
डालगं उठेना,
आई येईना,
मला ऊब मिळेना!"
"बें बें! पोट रिकामं. पाला पडला, तर देईन."

पिल्लू गेलं शेवग्याकडे. लुटु... लुटु... पडलं. उठलं. पुन्हा पडलं.
"शेवग्या रे शेवग्या, पाला दे ना!
पाला पडेना,
दूध मिळेना,
ठकू झोपेना,
डालगं उठेना,
आई येईना,
मला ऊब मिळेना!"
"माझे हात उंच. वारा आला, तर पाडीन."

ऊन गेलं. पिल्लू कुडकुडलं, कुडकुड कुडकुड. आता चालवेना. तिथेच बसलं. वर बघून बारीक आवाजात म्हणालं,
"वाऱ्या रे वाऱ्या, ये ना!
वारा येईना,
पाला पडेना,
दूध मिळेना,
ठकू झोपेना,
डालगं उठेना,
आई येईना,
मला ऊब मिळेना!"

वारा हळूच म्हणाला, "मी फार गार आहे रे. मी आलो, तर तू आणखी गारठशील."
पिल्लाने डोळे मिटले.
"तरी ये," ते म्हणालं.

सूं सूं सूं! वारा आला.
पिल्लू कलंडलं. उठलंच नाही.

शेवगा हलला. कडाड! फांदी मोडली. पाला पडला.
शेळीने पाला खाल्ला, कचकच कचकच.
मावशीने दूध काढलं, चुळुक चुळुक.
ठकू दूध प्यायली, गटगट गटगट. ठकू झोपली.
मावशीने दगड काढला. डालगं उचललं.
कोंबडी धावली! "कुक् कुक् कुक्! कुठे आहेस रे?"

टोपलीत नाही. चुलीपाशी नाही. गोठ्यात नाही.
"कुक् कुक् कुक्! बोल ना रे सोन्या!"

शेवग्याखाली पाला. पाल्यात पिवळं काहीतरी. हलेना. डुलेना.
कोंबडीने पंख पसरले. पिल्लाला पोटाखाली घेतलं. आणि बसली. नुसती बसली.

मावशी म्हणाली, "चल गं, आत चल."
कोंबडी उठेना.
"अगं, मुंगूस येईल!"
तरी उठेना.

मग पंख जरासा हलला. पंखातून एक चोच आली. एवढीशी.
"पियू."

मावशी हसली. तिने डालगंच शेवग्याखाली आणलं. भावंडं आली, लुटुलुटु लुटुलुटु. सगळी पंखाखाली शिरली. मधोमध आपलं पिल्लू. गरम गरम.
मावशीने वरून डालगं घातलं.
श्शू... आता कुणी बोलायचं नाही.