साखळीचा मेरुमणी

“याहून घट्ट कडी कोण बसवील, बुवा?”

हातोडी खाली ठेवीत भार्गव विचारता झाला.

अंबादासबुवा पांचाळ परळीच्या रस्त्यावर मोटारसायकली दुरुस्त करीत आणि एकादशीला कीर्तन करीत. दोन्ही कामांना ते सेवा असेच म्हणत. भार्गव चौसाळकर शहरात यंत्रविद्येची पदवी घेऊन आलेला, आठ महिन्यांपासून त्यांच्या हाताखाली होता. गावी त्याचे स्वतःचे गॅरेज सजून तयार होते. पाटीसुद्धा रंगवून झाली होती. मात्र बुवांनी ‘जा’ म्हटल्यावाचून त्याचे कुलूप काढायचे नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता.

आणि बुवांनी अखेरची परीक्षा म्हणून एवढेच सांगितले होते, की एका गाडीला नवी चेन चढव आणि तिची दोन टोके रिव्हेटच्या कडीने जोड.

या कडीच्या दोन पिनांवर बाजूची पट्टी दाबून पिनांची डोकी एकदा ठोकली, की ती उघडत नाही. उघडायची तर कापावीच लागते. भार्गवाने सारे बळ लावून ती ठोकली होती.

बुवा पाटावर बसले. डोळे मिटले. उजव्या हाताने मागचे चाक हळू फिरवू लागले. डाव्या अंगठ्याशी जी कडी येई, ती ते किंचित वाकवून पाहत आणि ओठांत एक नाम घेत.

राम... राम... राम...

जपमाळ ओढावी तशी चेन पुढे सरकत होती.

भार्गवाला गंमत वाटली. कड्याही बरोबर एकशे आठच आहेत, असे त्याने बुवांना ऐकवले.

एकाएकी अंगठा थांबला. नाम ओठांवरच राहिले.

“ही तुझी.”

“सापडणारच,” भार्गव म्हणाला. “हिच्या तोडीची दुसरी आहे का? या माळेचा मेरुमणीच म्हणा ना.”

बुवा इतके मनापासून हसले, की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

“अरे, मेरुमणी आला की थांबून माळ उलटी फिरवावी लागते. घरी निघालेल्या गिऱ्हाइकाला दर फेऱ्याला इथूनच मागं वळवणार आहेस का?”

भार्गवाने कडी वाकवून पाहिली. वाकेना. दातेरी चक्रावरून जाताना प्रत्येक कडीने लवायला हवे. ही ताठ उभी होती. पट्टी त्याने इतकी दाबली होती, की आतली हालचालच नाहीशी झाली होती.

त्याचा चेहरा उतरला. तेल सोडले तर सुटेल का, असे त्याने विचारून पाहिले. बुवांनी मान हलवली. कापणे आले... आणि पुडीत आता एकच कडी उरली होती.

“ठोके किती द्यायचे, बुवा?” या वेळी आवाज खाली आला होता.

“तिलाच विचार.”

भार्गवाने पहिली कडी कापून काढली, शेवटची बसवली. एक ठोका देई, वाकवून पाही. अर्धा ठोका देई, पुन्हा वाकवून पाही. दारातले ऊन उंबऱ्याबाहेर गेले. पिनांची डोकी हळूहळू फुलत आली. पट्टी आता निघणार नव्हती, आणि कडी मात्र शेजारणींसारखीच लवत होती.

त्याने हातोडी ठेवली.

बुवांनी फुललेल्या डोक्यांवरून नख फिरवले. पट्टी ओढून पाहिली. मग डोळे मिटले.

राम... राम... राम...

आपली कडी येताना भार्गवाला दिसत होती. त्याने श्वास धरला. ती अंगठ्याखाली आली, लवली... आणि गेली. नामात खंड पडला नाही.

एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला बुवांची मान डोलू लागली, ओठांतले नाम गळ्यात आले, त्याला चाल लागली. चहावाल्याने आणून ठेवलेला चहा निवून गेला.

भार्गव कितीतरी वेळ हात जोडून उभा होता. अखेर त्याला राहवेना.

“बुवा... मी जाऊ?”

चाक फिरतच होते.

“जा की. फक्त मी थांबायचं कुठं, तेवढं सांगून जा.”