विद्याधरला वाईट वाटलं नाही

"म्हणजे हा माणूस आठ महिने माझ्याशी नाटकच करत होता का, अक्का?"

मठातल्या अक्का शर्वरीचा उजवा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेकडीच्या पायथ्याशी चपला काढून मठात यायचं, ही इथली रीत. आणि वाटेवर जिकडेतिकडे सराट्याचे काटे. तिच्या दोन्ही पायांत रुतले होते.

शर्वरी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला चटकन कळतं, असं तिचं स्वतःचं मत आहे. आज मात्र ती पुरती गोंधळली होती.

"पिन दे," अक्का म्हणाल्या.

तिने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. दुसऱ्या हातात पुस्तक होतं. सोशिओपॅथ नवऱ्याबरोबर बावीस वर्षं काढलेल्या एका बाईचं आत्मकथन. दुसऱ्याचं दुःख ज्याला आत कुठे लागतच नाही, असा तो नवरा.

"पान एकशे बारा. हिचा नवरा रडण्याचा नुसता चेहरा करून दाखवायचा. माझा नवरा, विद्याधर, तर चेहराही करत नाही!"

"मग?"

"मग त्यालाच विचारलं. माझे बाबा गेले तेव्हा तुला वाईट वाटलं का? त्याने जरा विचार केला. म्हणाला, 'नाही. वाटायला हवं होतं का?'"

अक्कांनी पिनेचं टोक पदराला पुसलं.

"बाबा अंथरुणाला खिळले होते ना? कोण करायचं त्यांचं?"

"तोच. आठ महिने. अंघोळ, कपडे, कूस बदलणं... सगळं. मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे."

"पाणी कसं असायचं?"

"कसलं पाणी?"

"अंघोळीचं."

शर्वरी अडखळली. "कोमट. कोपर बुडवून बघायचा... रोज."

"पण ते प्रेम नव्हतं ना!" ती एकदम ओरडली. "रविवारी दादा न्यायला येतोय. बॅग भरून ठेवलीये मी. जाऊ की राहू, तेवढं सांगा. ज्याच्या आत काहीच नाही, त्याच्याजवळ राहायचं कसं? मला भीती वाटते हो त्याची."

काटा निघाला. रक्ताचा थेंब आला. अक्कांनी तो अंगठ्याने दाबून धरला.

शर्वरीचे डोळे भरून आले. "बघा ना... तुम्हाला माझी दया आली, म्हणून तुम्ही..."

"नाही आली."

"...म्हणजे?"

"काही वाटलं नाही. काल एकीचा काढला, तेव्हाही नाही. चाळीस वर्षं झाली. आधी मी वाट बघायचे, कधीतरी वाटेल म्हणून."

याच अक्कांच्या मायेचं ऐकून गावोगावची माणसं टेकडी चढतात. शर्वरी स्वतः तशीच आली होती. तिने पाय ओढून घेतला. पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कुठलं पान काढावं तेच तिला सुचेना.

"हे... लोकांना माहीत आहे?"

"कुणी विचारलं नाही."

"मग मी तुमचं ऐकू की नको?"

अक्कांनी पिन पुन्हा पदराला पुसली.

"दुसरा पाय दे."