उतरवलेलं फाटक

“नऊ म्हंजे पास का नापास, मास्तर?”

तानाक्कांनी विचारलं आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिल्या.

डॉ. प्रमोद उकिडवे मास्तर नव्हते. विद्यापीठात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवत होते, दोन जाडजूड ग्रंथ नावावर होते. पण माळावर पाय ठेवल्यापासून आक्कांनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं, आणि एकदा आक्कांनी केलं की ते तसंच राहायचं.

“पास-नापास असं काही नसतं, आक्का. बारा प्रश्न आहेत. सातच्या वर खुणा झाल्या की तो पंथ राहत नाही. आम्ही त्याला कल्ट म्हणतो. म्हणजे गुरूच्या मुठीत गेलेली माणसं.”

“मूठ?”

आक्कांनी मूठ उघडली. आत चार शेंगदाणे होते. ते त्यांनी उकिडव्यांच्या हातावर ठेवले.

माळावर पन्नासेक माणसं राहत. मेंढरं राखायची, एका चुलीवर रांधायचं, दिवस मावळला की सकाळपर्यंत बोलायचं नाही. मूर्ती नाही, गादी नाही. तुमच्या पंथाचं नाव काय, असं विचारलं तर ती एकमेकांकडे बघत. खालच्या गावानं त्यांना ‘मुके’ म्हणून मोकळं केलं होतं.

अशा कल्टची उकिडव्यांनी केलेली यादी परवा सरकारी समितीकडे जायची होती. यादीत ‘मुके’ आले की त्यांना गायरानावरून उठवायचं, हे गावात बैठक घेऊन ठरलं होतं. आक्कांना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी पाहुण्याला आधी पाणी दिलं, मग शेंगा.

“कशाकशात नापास झालो, त्ये तर सांग.”

उकिडव्यांनी वाचलं. एकच चूल. एकसारखे कपडे. सक्तीचं मौन. नातेवाइकांशी तुटलेले संबंध. एकाच व्यक्तीचा शब्द अखेरचा... “आणि बाहेर पडायला बंदी.”

“ही खूण कुनाला इचारून केलीस?”

“फाटक कायम बंद असतं. मी तीन वेळा आलो. तिन्ही वेळा आडणा लावलेला.”

“लांडगं हायती, बाबा.”

उकिडवे हसले नाहीत. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

“आक्का, तुम्हाला वाटत असेल, याला शिक्के मारायची हौस आहे. नाही. सहा वर्षांपूर्वी असाच एक मठ मी पाहिला. तेव्हा शहाणपणानं लिहिलं, ‘नवा श्रद्धासमूह’. कुणाला दुखवायचं नाही म्हणून. तीन महिन्यांनी तिथं नऊ वर्षांची एक मुलगी तापानं गेली. पारू. दवाखाना चार कोसांवर होता. त्या दिवशी ठरवलं. विषाच्या बाटलीवर विष लिहायचं. मग कुणाला काय वाटायचं ते वाटो.”

आक्कांचे हात थांबले. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.



“लेकराला दवाखान्यात का न्हेलं न्हाई?”

“बाप तिला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आला होता. उघडलं नाही.”

“कुनी?”

“त्या कल्टनं.”

“कल्टला हात असत्यात व्हय?”

उकिडव्यांनी मांडीवरचा कागद सारखा केला.

“आडण्यावर कुनाचा तरी हात हुता, मास्तर. त्या हाताला नाव असंल.”

“...आहे.”

“लिवलंस?”

“नाही. वकील म्हणाले, माणसाचं नाव घालू नका, तो कोर्टात जाईल. सगळ्या समूहाचं घाला.”

“आन् समूहात कोन कोन आलं?”

“तिथले सगळे. एकशेवीस जण.”

“पारूचा बाप?”

हा प्रश्न बारांत नव्हता.

पारूचा बाप लेकीला माती देऊन त्याच आठवड्यात मठ सोडून गेला होता. तीन गावांनी त्याला कामावर घेतलं नव्हतं, कारण तो ‘तिथला’. हे उकिडव्यांना माहीत होतं. त्यांच्याच ग्रंथात ते एका तळटीपेत होतं.

“ज्येला भ्यालास त्येला सोडलंस,” आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “त्यो हात कुनाचा, सांग.”

उकिडव्यांनी आजूबाजूला पाहिलं. मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. ते नाव पुटपुटले.

“आयकू आलं न्हाई.”

त्यांनी नाव मोठ्यानं घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मेंढरांनी माना वर केल्या. उकिडव्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. काहीही झालं नाही. फक्त छातीवरचा दगड थोडा हलला आणि पारूची फार आठवण आली.

“आक्का, येळ झाली.”

बजाबा येऊन उभा होता. सव्वीस वर्षं आक्कांसोबत. मेंढरं त्याची, चूल त्याची, दुखणाईताच्या उशाशी तोच. उकिडव्यांच्या कागदावर त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘उजवा हात’.

“बरं झालं, आजच आलास,” आक्का उठत म्हणाल्या. “आमचा जायाचा दिस हाय.”

“कुठं जायचा?”

आक्कांनी फाटकाकडं बोट केलं.

बजाबानं आणि आणखी एकानं फाटक दोन बाजूंनी धरलं, बिजागरीतून उचललं आणि जमिनीवर आडवं निजवलं. कुंपणाला एवढं मोठं भगदाड पडलेलं उकिडव्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग झोपड्यांतून माणसं बाहेर आली. प्रत्येकाच्या हातात बोचकं. बोचक्यात होते नव्हते ते सगळे कपडे आणि दोन भाकरी. एकीनं तर आईचा तसबिरीतला फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवून घेतला होता.

आक्कांच्या डोक्यावरही बोचकं होतं.

“तुम्हीसुद्धा?” उकिडवे म्हणाले. “पण आक्का, हे सगळं तर तुमचं...”

“वर्साचा येकच दिस. गेल्या साली दिस बुडंपतूर तिठ्यावर हुबी हुते. पाय उचलंना.”

“कुठल्या बाजूला?”

आक्का हसल्या आणि चालू लागल्या.

तिठा जवळच होता. एक वाट गावाकडं, एक एसटीच्या थांब्याकडं, एक मागं माळाकडं. सगळ्यांनी बोचकी खाली ठेवली आणि सगळी माणसं पूर्वेच्या डोंगराकडे तोंड करून बसली. कोण कुठल्या वाटेनं गेलं हे बघायचं नाही, एवढाच नियम होता. कुणी कुणाला थांबवायचं नाही. कुणी कुणाला नीघ म्हणायचं नाही.

वारा तेवढा होता...

एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उठली आणि सरळ माळाकडं परतली. एक म्हातारा गावाच्या वाटेनं दहा पावलं गेला, थांबला, परत आला, पुन्हा गेला. एक तरुण जोडपं उठलं. नवरा थांब्याकडं निघाला आणि बायको माळाकडं. कुणी हाक मारली नाही.

उकिडव्यांनी मोजायला सुरुवात केली होती. मध्येच त्यांना लाज वाटली आणि त्यांनीही तोंड डोंगराकडं फिरवलं. किती तरी देवळांत, दर्ग्यांत, मठांत ते वही घेऊन कोरडे उभे राहिले होते. इथं ना घंटा होती ना दिवा. तरी त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

शेजारी हालचाल झाली, म्हणून नियम मोडून त्यांनी पाहिलं.

बजाबा आपलं बोचकं उचलायला वाकला होता. तो थांब्याच्या वाटेकडं वळलेला होता. आक्कांनी डोंगरावरची नजर काढली नाही. हातानं चाचपून त्यांनी आपल्या बोचक्यातल्या दोन भाकरी काढल्या आणि तशाच, न बघता, त्याच्या बोचक्यात सरकवल्या.

बजाबा क्षणभर तसाच वाकून राहिला. मग निघाला.

आक्का रडत होत्या आणि लपवत नव्हत्या.

पावलांचा आवाज थांबल्यावरही त्या खूप वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, बोचकं डोक्यावर घेतलं. तिठ्यावर उभ्या राहून त्यांनी तिन्ही वाटा नव्यानं पाहाव्यात तशा पाहिल्या... आणि माळाकडं वळल्या.

फाटक बसवायला घेतलं तेव्हा एक टोक उचलायला माणूस नव्हता. ते टोक सव्वीस वर्षं बजाबाचं होतं. उकिडव्यांनी कागद खिशात कोंबला आणि ते उचललं. फाटक चांगलंच जड होतं.

“आक्का,” ते म्हणाले, “त्या माणसाचं नाव मी लिहीन. कोर्टात जाऊ दे. आणि तुमचं नाव यादीतून आजच काढतो. लिहितो, की हा कल्ट नाही. इतका निर्मळ पंथ मी जन्मात...”

“मास्तर, फाटक धर नीट. पायावर पडंल.”

फाटक बिजागरीत बसलं. आक्कांनी आतून आडणा सरकवला. तेव्हा उकिडव्यांच्या ध्यानात आलं, की आपण बाहेर आहोत.

“मग काय लिहू, आक्का?”

आक्कांनी फळ्यांच्या फटीतून त्यांच्याकडं पाहिलं.

“आज फाटक उतारलं हुतं, एवढंच लिव. आन् वर तारीख घाल.”